गुडघा सटकतोय, एसीएल फाटलंय. पुन्हा कबड्डीत चढाई करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचा धाकटा भाऊ १९ वर्षांचा, जिल्हा पातळीवर खेळणारा चढाईपटू. साडेतीन महिन्यांपूर्वी मॅटवर चढाई करताना कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा उजवा घोटा धरला, तो मध्यरेषेकडे वळला आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. रात्रीपर्यंत गुडघा टम्म सुजला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. मग गावी नेऊन तेलाने चोळणं, शेक, पट्टी असं सगळं झालं. महिन्याभरात सूज उतरली, दुखणं गेलं, सहाव्या आठवड्यात तो सरावाला उतरला आणि गुडघा दोनदा जागेवरून सटकला. आता एमआरआयमध्ये ‘एसीएल पूर्ण फाटलेलं, आतल्या बाजूच्या गादीला चीर’ असं आलंय. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतली हाडं बांधणारी दोरी, आणि गादी म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची चकती. एक डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे व्यायाम करून बघा म्हणतात. निवड चाचणी चार महिन्यांवर आहे. शिवाय मंडळातल्या बाकीच्या मुलांचे घोटे, खांदे, बोटं सारखी दुखावतात, तेव्हा मैदानावर काय करावं, हेही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं सांगली-कोल्हापूर भागात हाडांचा डॉक्टर म्हणून काम करतोय. कबड्डी, कुस्ती आणि भरतीची तयारी करणारी मुलं हा माझ्या ओपीडीचा मोठा भाग आहे. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून सांगतो.

चार महिन्यांवरची निवड चाचणी सोडून द्या. हे लिहितानाही वाईट वाटतं, कारण एकोणिसाव्या वर्षी एक हंगाम म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. पण या गुडघ्यावर तो चाचणीला उतरला, तर हंगामाबरोबर गादीही जाईल. त्याला ऑपरेशन लागेल असं माझं मत आहे. तरी उद्याच टेबलावर घेण्याची गरज नाही. आधी गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या, मांडीत ताकद येऊ द्या, आणि मग करा. एकच अपवाद आहे: गुडघा मध्येच अडकत असेल, काही केल्या पूर्ण सरळ होत नसेल, तर फाटलेली गादी सांध्यात अडकलेली असू शकते. तसं असेल तर याच आठवड्यात दाखवा.

आता एसीएल म्हणजे नेमकं काय ते बघू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधणारी, जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीची, करंगळीएवढ्या जाडीची ही दोरी. नडगी पुढे सरकू नये आणि जागेवर फिरू नये, ही दोन कामं तिच्याकडे. सरळ चालताना, जिना चढताना, सायकल चालवताना तिच्यावाचून फारसं अडत नाही. पाय रोवून अंग वळवलं की मात्र सगळा भार तिच्यावर येतो. कबड्डीची चढाई म्हणजे दुसरं काय असतं? त्यात घोटा धरलेला, म्हणजे पाऊल खिळलेलं, आणि वरचं अख्खं शरीर रेषेकडे झेपावतंय. मातीवर पाय थोडा तरी घसरायचा आणि गुडघा वाचायचा. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते, पाऊल हलत नाही, आणि जो पीळ पावलाने सोडायचा तो गुडघ्याला सोसावा लागतो.

‘कट्’ आवाज आणि त्याच दिवशी आलेली सूज, या दोन गोष्टी ऐकल्या की मला एमआरआयच्या आधीच निदान जवळपास कळतं. साध्या मुरगळीची सूज सावकाश चढते, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दिसते. दोन-चार तासांत गुडघा फुगला तर आत रक्त भरलेलं असतं, आणि खेळाडूच्या गुडघ्यात रक्त भरलं की बहुतेक वेळा एसीएलच गेलेलं असतं. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे वाक्य तिथे फसवं ठरतं. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट, म्हणजे एसीएलसारखी हाडाला हाड बांधणारी दोरी, दिसत नाही. क्वचित नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चिप सुटलेली दिसते. ती दिसली की एसीएल फाटलं असं जवळजवळ धरूनच चालायचं. पण ती टिपायला बघणाऱ्याच्या डोक्यात आधी तो संशय असावा लागतो.

मग महिन्याभरात बरं कसं वाटलं? कारण रक्त शोषलं गेलं. फाटलेलं एसीएल मात्र बहुतेकांत जागेवर परत जुळत नाही. ते सांध्यातल्या द्रवात असतं, फाटल्यावर तिथे रक्ताची गाठ धरत नाही, आणि दोन टोकांमध्ये अंतर पडतं. म्हणजे दुखणं गेलं, सूज गेली, आणि दोरी तुटलेली ती तुटलेलीच राहिली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं. पहिल्या दुखापतीत पुष्कळदा फक्त एसीएल गेलेलं असतं. पुढच्या प्रत्येक सटकण्यात खालचं हाड वरच्या हाडाखालून घासून पुढे जातं आणि गादी चिरडते. तुमच्या भावाच्या गादीची चीर पहिल्या दिवसाची आहे की त्या दोन सटकण्यांतली, हे आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. इथून पुढे मात्र एकदाही सटकू द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

चोळण्याबद्दल मला तळमळीने सांगायचंय. गावच्या हाडवैद्याकडे लोक जातात त्याला कारणं आहेत. तो जवळ असतो, पैसे कमी घेतो, आणि पोराच्या गुडघ्याला हात लावून बघतो, जे पुष्कळदा आम्ही डॉक्टर मंडळी घाईत करत नाही. पण ताज्या दुखापतीवर गरम शेक आणि जोराचं मालिश यांनी आतला रक्तस्राव वाढतो. गुडघ्यापेक्षाही वाईट परिणाम मांडीच्या मुक्या मारावर आणि कोपरावर होतो. तिथे चोळून चोळून स्नायूतच हाड तयार होतं. कोपर निखळल्यावर किंवा मोडल्यावर मालिश करून ते कायमचं आखडलेली मुलं मी दरवर्षी बघतो. हात तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत तेल नाही, शेक नाही, चोळणं तर नाहीच. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, क्रेप बँडेज, आणि पाय उशीवर उंच. एवढं पुरतं.

एमआरआय चांगलाच आहे, पण त्याआधी डॉक्टरांच्या हाताने झालेली तपासणी मोलाची असते. ती कशी असते ते सांगतो, म्हणजे ती झाली की नाही हे तुम्हालाच ओळखता येईल. पेशंटला उताणं झोपवतात, गुडघा जेमतेम वीस-तीस अंशात वाकवतात, एका हाताने मांडी धरून ठेवतात आणि दुसऱ्या हाताने नडगी वर खेचतात. चांगल्या गुडघ्यात खेचताना शेवटी दोरी ताणल्यासारखा पक्का थांबा लागतो. एसीएल गेलेल्या गुडघ्यात तो थांबा येतच नाही, नडगी मऊपणे पुढे येत राहते. आधी दुसरा, चांगला पाय तपासायचा आणि मग हा, कारण काही मुलांचे सांधे जन्मतःच सैल असतात. सूज आणि दुखणं असताना मांडी आखडून धरलेली असते आणि ही तपासणी फसते. म्हणून पहिल्या दिवशी ‘काही नाही’ म्हटलं असेल, तरी दहा-बारा दिवसांनी सूज उतरल्यावर गुडघा पुन्हा तपासून घ्यायचाच. तुमच्या भावाच्या बाबतीत ही दुसरी भेट झाली असती, तर गादी वाचण्याची शक्यता जास्त होती.

आता दोन डॉक्टरांची दोन मतं. दोघंही चुकीचं बोलत नाहीत, हे आधी समजून घ्या. २०१० साली स्वीडनमधल्या १२१ तरुणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी नेटाने व्यायाम आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांमध्ये फारसा फरक नव्हता. व्यायामाच्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांना मधल्या काळात ऑपरेशन लागलं, बाकीच्यांचं त्यावाचून निभावलं. पाच वर्षांपर्यंत ऑपरेशन लागलेल्यांचं प्रमाण निम्म्यावर गेलं. त्यामुळे नोकरी-धंदा करणाऱ्या, पोहणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाला मीही आधी तीन महिने व्यायामच सांगतो. पण त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि कबड्डी तर नव्हतीच. तुमच्या भावाला पाय रोवून वळायचंय, समोरचे सात जण त्याचाच पाय धरायला टपलेत, गुडघा आधीच दोनदा सटकलाय आणि गादी चिरलीय. एवढं सगळं एकत्र आलं की माझं पारडं ऑपरेशनकडे झुकतं. कबड्डी कायमची सोडायची असेल, तर उत्तर वेगळं असू शकतं. हा निर्णय त्याचा त्याने घ्यावा, घरच्यांनी किंवा प्रशिक्षकांनी नव्हे.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. फाटलेलं एसीएल शिवून भागत नाही, बहुतेकांत नवीन दोरी घालावी लागते. ती त्याच्याच शरीरातून घेतात: मांडीच्या मागचे दोन लांब टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या), किंवा वाटीखालच्या टेंडनचा मधला पट्टा दोन्ही टोकांच्या हाडासकट, किंवा वाटीच्या वरचा टेंडन. हल्ली घोट्याच्या बाहेरून जाणारा एक टेंडनही आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात. ‘सगळ्यात चांगला कुठला?’ असं मला रोज विचारतात. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय तो चांगला, असं मी सांगतो, आणि टाळण्यासाठी म्हणून सांगत नाही. चढाईपटूला मांडीच्या मागच्या स्नायूची ताकद झटका मारून सुटायला लागते, हे मात्र सर्जनच्या कानावर जरूर घाला. त्याचा खेळ काय, तो कसा खेळतो, हे ऐकून ग्राफ्ट, म्हणजे घालायची नवी दोरी, ठरवणं योग्य.

गादीबद्दल एकच आग्रह धरा: शिवता येत असेल तर शिवा. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली चीर टाके घातले की जुळते. आतल्या भागाला तो नसतो, तिथला फाटका तुकडा कधीकधी काढावाच लागतो. टाके घातले तर चार-सहा आठवडे कुबड्या आणि काही महिने खोल बसणं बंद, असा त्रास वाढतो. तरी तो सोसण्यासारखा आहे. गादी काढून टाकलेला गुडघा महिन्याभरात पळायला लागतो आणि चाळिशीत झिजलेला असतो.

ऑपरेशनआधीचे तीन-चार आठवडे वाया गेले असं समजू नका. गुडघा आखडलेला असताना ऑपरेशन केलं तर तो नंतरही आखडलेलाच राहतो. तेव्हा रोज टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, दहा मोजायचं, सोडायचं. हे तीसदा, दिवसातून तीनदा. बघायला अगदी क्षुल्लक वाटतं. पण ज्याची मांडी ऑपरेशनआधी जागी असते, तो नंतर लवकर चालतो, हे मी शेकडो पेशंटमध्ये पाहिलंय.

आणि आता नंतरचे महिने, ज्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. वाकायला वेळ मिळतो, सरळ होण्याला मिळत नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक मुलं कुबडीशिवाय, न लंगडता चालतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ रेषेत हलकं पळणं. साधारण सहाव्या महिन्यापासून वळणं, उड्या, दिशा बदलणं. नवव्या महिन्याच्या आधी कुणाशी भिडून सराव नाही.

या यादीत घातक टप्पा दुसरा-तिसरा महिना. घातलेला टेंडन हे सुरुवातीला रक्तपुरवठा नसलेलं ऊतक असतं. शरीर त्याला आधी मऊ करतं, मग त्यात रक्तवाहिन्या वाढतात, मग ते हळूहळू लिगामेंटसारखं होतं. या प्रवासात साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सगळ्यात कमकुवत असतो. आणि नेमकं त्याच वेळी पोराला वाटतं, आपण बरे झालो. सूज नाही, दुखत नाही, मित्र मैदानावर बोलावतायत. मी आईवडिलांना हे दोनदा सांगतो, एकदा ऑपरेशनआधी आणि एकदा बरोबर सहाव्या आठवड्यात.

हे मी शिकलो ते एका पोराच्या मोबदल्यात, ते लपवत नाही. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एका कुस्तीगिराला मी सहाव्या महिन्यात परवानगी दिली. गुडघा छान दिसत होता, वस्ताद मागे लागले होते, जत्रेचं मैदान जवळ आलं होतं. मी त्याची मांडी मोजली नाही, एका पायावर उडी मारून घेतली नाही, फक्त कॅलेंडर बघितलं. दुसऱ्याच कुस्तीत ग्राफ्ट फाटला. पुन्हा ऑपरेशन झालं, पण तो कुस्तीत परतला नाही. तेव्हापासून मी कुणालाही नुसत्या तारखेवर सोडत नाही.

२०१६ साली नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑपरेशननंतर खेळात परतलेल्यांचा मागोवा घेतला. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने उतरत गेला. हे वाचलं तेव्हा मला तो कुस्तीगीर आठवला. पंचविशीच्या आतल्या ज्या मुलामुली खेळात परततात, त्यांच्यातल्या साधारण चारातल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा एसीएलची दुखापत होते. आणि ऑपरेशन झालेल्या सगळ्यांचा हिशेब काढला, तर स्पर्धात्मक खेळात परतणारे शंभरातले पंचावन्नच्या आसपास. हे आकडे घाबरवण्यासाठी सांगत नाही. ‘ऑपरेशन केलं की सहा महिन्यांत मॅटवर’ असं कुणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका, एवढ्यासाठी सांगतो.

परतता येतं, हेही तितकंच खरं. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व लढतीत विनेश फोगाटचा गुडघा गेला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. दोन वर्षांनी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्यांदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते मुंबईत, आणि वर्षभराने पॅरिसला ती अंतिम फेरीपर्यंत पोचली. तिच्यामागे फिजिओ होते, सोयी होत्या, हे मान्य. पण मधले सगळे महिने तिला एकेक करून काढावे लागलेच. तुमच्या भावाला तालुक्याच्या गावी चांगला फिजिओ रोज मिळणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा शहरात जाऊन व्यायाम शिकून यायचे आणि घरी वहीत टिपून रोज करायचे, असं करून मैदानावर परतलेली मुलं माझ्याकडे आहेत. ऑपरेशनचे पैसे जमवताना फिजिओचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा.

मंडळाच्या बाकीच्या मुलांबद्दल.

सगळ्यात जास्त मुरगळतो घोटा, आणि सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. पाऊल आत वळून बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणतं. एक्स-रे हवा की नको, हे ठरवण्याची साधी रीत कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घालून दिली आणि ती आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड टोकापासून वर चार बोटं अंगठ्याने दाबत जा. हाडावरच कळ आली, किंवा लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथे आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर दाबूनही बघा. यातलं काही नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी. मग प्लास्टर नको. घोट्याचा पट्टा बांधून दोन-तीन दिवसांत हळूहळू पाय टेकवायला लावायचा. खरं काम त्यानंतरचं. मुरगळलेल्या घोट्याला आपण कुठे तिरके झालो ते कळेनासं होतं, म्हणून तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दात घासताना त्या एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. सहा आठवडे.

खांदा निखळला तर मैदानावर कुणीही ओढू नये. खेळाडूंनाच काय, प्रशिक्षकांनाही याची फार हौस असते. निखळण्याबरोबर हाड मोडलेलं असू शकतं आणि ओढताना मज्जातंतू दुखावतो. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर, जिथे पोलिसांच्या बाहीवर बिल्ला असतो तिथे, हलकेच बोट फिरवून विचारा की स्पर्श कळतो का, आणि उत्तर डॉक्टरांना सांगा. हात झोळीत बांधा आणि दवाखाना गाठा. वीस वर्षांखालच्या मुलाचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. म्हणून बसवून झाल्यावर पकड करणाऱ्या खेळाडूने खांद्याच्या तज्ज्ञाला एकदा दाखवावंच.

बोटाच्या टोकाला मार बसून शेवटचं पेर खाली लोंबत असेल आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर टेंडन तुटलाय. ‘बोट जॅम झालं’ म्हणून खेचू नका. शेवटचं पेर सरळ ठेवणारी छोटी पट्टी सहा ते आठ आठवडे अखंड लावायची. धुताना काढली तरी बोटाचं टोक टेबलावर टेकवून ठेवायचं, क्षणभरही खाली पडू द्यायचं नाही. पडलं तर पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजणी.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी चार ओळी जास्त लिहितो, कारण ही मुलं खेळाडू म्हणून कुणाच्या हिशेबात येत नाहीत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. जाहिरात निघाली की दोन महिन्यांत शून्यावरून तयारी, तीही पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. नडगी दुखायला लागते. दुखणं नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाला सूज असते, पळणं कमी केलं की निवळते. पण एकाच बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, पळताना वाढत जाऊन नंतर नुसतं चालतानाही, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत ती दिसत नाही. अशा वेळी पळणं पूर्ण थांबवावं लागतं, बहुतेकांना सहा ते आठ आठवडे. मधल्या काळात पोहणं किंवा सायकल चालते. जांघेत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असली आणि ती पळताना सरकली, तर रातोरात ऑपरेशनची वेळ येते. पाळी अनियमित झालेल्या, जेवण तोडून पळणाऱ्या मुलींची हाडं याला लवकर बळी पडतात. त्यांना तपासताना मी खाण्याबद्दल आधी विचारतो.

सामन्याआधी कंबरेत दुखण्याचं इंजेक्शन घेऊन उतरण्याची पद्धत बंद करा. दुखणं हीच त्या सांध्याची एकमेव राखण असते. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं, तर कारण विचारा. राष्ट्रीय पातळीवर पोचलेल्याने हेही लक्षात ठेवावं की १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडची सगळ्या प्रकारची इंजेक्शनं उत्तेजक द्रव्यांच्या नियमांत बंदी असलेली आहेत.

सरावाआधी मैदानाला नुसत्या दोन फेऱ्या मारण्याऐवजी वीस मिनिटं नीट वॉर्म-अप करा. फिफाने फुटबॉलसाठी तयार केलेला ‘११+’ हा व्यायामक्रम कबड्डीलाही जवळचा आहे: एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूची ताकद, उडी मारून उतरताना गुडघे आत न झुकवणं. फुटबॉलमध्ये त्याने दुखापती ठळकपणे कमी झाल्या आहेत. तुमच्या मंडळात मुली खेळत असतील तर हे सक्तीचंच करा. वळून, उडी मारून खेळायच्या खेळांत मुलींचं एसीएल मुलांच्या किमान दुपटीने फाटतं.

आता भावाकडे परत येतो. आज रात्रीच शिंप्याची टेप घ्या. वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर पेनाने खूण करा, पाय सैल ठेवून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. साडेतीन महिन्यांत उजवी दोन-तीन सेंटिमीटर बारीक झालेली असेल. दर पंधरा दिवसांनी त्याच खुणेवर मोजा. डॉक्टरांकडे जाताना एमआरआयचा नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या, आणि हे चार प्रश्न लिहून न्या: गादी शिवता येईल का, ग्राफ्ट कुठला आणि का, पहिले सहा आठवडे पाय किती टेकवायचा, आणि खेळायला सोडताना तुम्ही काय काय मोजणार? चौथ्या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त महिने सांगितले, तर आणखी एका डॉक्टरांना भेटा. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या सलग तीन उड्यांचं अंतर, दोन्ही चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवं. उड्यांचं अंतर तर अंगणात खडूने रेघ मारून तुम्हीही मोजू शकता. मात्र ते ऑपरेशननंतर आणि डॉक्टरांनी उड्यांना परवानगी दिल्यावर. तोवर त्याला एका पायावर उडी मारू देऊ नका.